आधी ब्रेक, मग इंजिन

उंच बॉनेटची जुनी जीप तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. सिंधुदुर्गात ती अजूनही एखाद्या आंब्याच्या बागेत, चिऱ्याच्या खाणीवर किंवा कुणाच्या तरी खळ्याच्या कडेला ताडपत्रीखाली उभी दिसते. या जीपचे नाक इतके वर का आले आहे, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे काय?

दुसऱ्या महायुद्धात धावलेल्या विलीज जीपचे बॉनेट बुटके होते. तिच्या इंजिनात हवा आत घेणारी आणि धूर बाहेर टाकणारी, अशा दोन्ही झडपा सिलिंडरच्या शेजारी, ठोकळ्यातच बसवलेल्या असत. त्यामुळे इंजिन ठेंगणे राही. शक्ती सुमारे ६० अश्वशक्ती. पुढे कंपनीने ‘हरिकेन’ नावाचे नवे इंजिन आणले. त्यात हवा आत घेणारी झडप सिलिंडरच्या डोक्यावर नेली. जास्त हवा आत जाऊ लागली, शक्ती ७० च्या पुढे गेली. पण इंजिनाची उंचीही वाढली आणि जुने बॉनेट त्यावर बसेना. तेव्हा कंपनीने सरळ बॉनेटच उंच केले. १९५३ साली निघालेले हे मॉडेल म्हणजे सीजे-३बी. तिकडे १९६८ मध्ये ते बंद झाले, पण आपल्याकडे महिंद्र कंपनीने त्याच घाटाच्या जीपगाड्या पुढे कित्येक वर्षे बनवल्या. म्हणजे ज्या जीपला आपण अस्सल, मूळची, न बदललेली समजतो, ती स्वतःच इंजिनबदलातून जन्मली आहे!

हे सांगण्याचे कारण असे, की जुन्या जीपमध्ये दुसऱ्या गाडीचे मोठे इंजिन बसवून ती रानावनात, दगडधोंड्यांत चालवण्याचे वेड सध्या पुन्हा वाढले आहे. शेजारच्या गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ नावाची शर्यत भरू लागली. ही मूळ मलेशियातली, १९९७ ची कल्पना. तीतल्या गाड्या बहुतेक घरी किंवा गॅरेजात नव्याने उभ्या केलेल्या असतात. चिखलातून उसळ्या मारणाऱ्या या गाड्यांची चित्रे मोबाईलवर पाहून सावंतवाडी-कुडाळच्या मुलांनाही स्फुरण चढते. आणि मग गॅरेजच्या बाकावर एक वाक्य हमखास ऐकू येते : “इंजिन मोठा घातला की गाडी खंयय चढता!”

हे वाक्य चुकीचे आहे, असे माझे मत आहे. नुसते मत नव्हे, ते नववी-दहावीच्या गणिताने दाखवून देता येते. तेच गणित पुढे नेले की ज्या भागाकडे कुणाचे लक्ष जात नाही त्या भागापाशी, म्हणजे ब्रेकपाशी, आपण येऊन पोचतो.

पण त्याआधी जुन्या पिढीतल्या मेस्त्रींना न्याय दिला पाहिजे. इंजिन बदलण्याचा उद्योग आपल्याकडे काही आजचा नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले. डिझेल पुढे अनेक वर्षे पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते. शिवाय डिझेल इंजिन तेवढ्याच कामाला इंधन कमी खाते, कारण त्यात हवा फार जोराने दाबली जाते आणि दाब जितका जास्त तितका उष्णतेतला मोठा वाटा कामात येतो. म्हणून देशभरच्या मेस्त्रींनी जीपमधली आणि अॅम्बेसिडरमधली पेट्रोल इंजिने काढून त्या जागी डिझेल इंजिने बसवली. पुण्याच्या बजाज टेंपो कंपनीच्या मॅटॅडोर गाडीचे इंजिन या कामी फार लोकप्रिय होते. पुढे १९८० च्या दशकात महिंद्र कंपनीनेच फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने बनवलेले २११२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन जीपमध्ये घातले. त्याची शक्ती ६२ अश्वशक्ती, म्हणजे हरिकेनपेक्षा कमीच. तरी लोकांनी त्या जीपगाड्या आनंदाने घेतल्या. त्यांना जास्त ताकद नको होती, किलोमीटरमागे कमी खर्च हवा होता. त्या इंजिनबदलाला हिशेब होता. आजच्या हौशी इंजिनबदलाला तो आहे काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता वहीपेन्सिल घ्या.

जुन्या पेट्रोल जीपचे इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असताना सुमारे १५० न्यूटन-मीटर इतका पीळ देते. यंत्रशाळेत यालाच टॉर्क म्हणतात. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १५० न्यूटन जोर लावला तर बोल्टवर जेवढा पीळ पडेल, तेवढा हा पीळ. हा पीळ थेट चाकाला जात नाही. वाटेत तीन ठिकाणी दातेरी चाके त्याचा गुणाकार करतात. पहिला गिअर तो २.८ पट करतो. फोर-व्हील जीपला मुख्य गिअरपेटीच्या मागे आणखी एक छोटी पेटी असते. तिचा लो गिअर टाकला की पीळ पुन्हा २.४६ पट होतो. शेवटी एक्सलमधले क्राऊन-पिनियन त्याला ५.३८ पट करते. तिन्ही आकडे गुणा : उत्तर येते सुमारे ३७. अर्थात फेरेही ३७ पटींनी कमी होतात. फुकट काहीच मिळत नाही. इंजिन २००० फेरे घेते तेव्हा चाक मिनिटाला ५४ च फेरे घेते आणि जीप ताशी ७ किलोमीटरने, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाच्या थोड्या पुढे, सरकते.

१५० ला ३७ ने गुणले की चाकांपाशी ५५५० न्यूटन-मीटर पीळ आला. चाकाची त्रिज्या ०.३६ मीटर धरू. पिळाला त्रिज्येने भागले की जमिनीवर मागे ढकलणारा जोर मिळतो : सुमारे १५,४०० न्यूटन. दातेरी चाकांच्या घर्षणात पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी १२,३०० न्यूटन उरतात. दोन माणसांसह जीपचे वस्तुमान १४०० किलोग्रॅम धरले तर तिचे वजन होते १३,७०० न्यूटन. ही जीप जवळजवळ स्वतःच्या वजनाइतक्या जोराने ढकलू शकते! ७०-७५ अश्वशक्तीचे, आपल्या आजोबांच्या काळातले इंजिन, बरे का.

मग ती चिखलात अडकते का? कारण हा जोर जमिनीला लावायचा तर टायरची जमिनीवर पकड हवी. आणि पकडीला मर्यादा असते. गाडीचे वजन गुणिले घर्षणांक, यापेक्षा जास्त जोर जमीन घेतच नाही. कोरड्या कातळावर रबराचा घर्षणांक ०.८ च्या आसपास धरा. म्हणजे मर्यादा ११,००० न्यूटन. आपल्या जुन्या इंजिनाचा जोर याहूनही जास्त आहे. ओल्या लाल चिखलात घर्षणांक ०.४ किंवा त्याहूनही खाली येतो. तिथे मर्यादा ५५०० न्यूटन. तिथे इंजिनाचा निम्म्याहून अधिक जोर वायाच जातो. चाके जागच्या जागी गरगर फिरतात आणि खड्डा खोल करतात.

आता त्या जागी मोठे इंजिन बसवा. २०१० साली आलेल्या ‘थार’ गाडीच्या डिझेल इंजिनाचा पीळ २४७ न्यूटन-मीटर होता. तोच ३७ ने गुणून पाहा. जोर २०,००० न्यूटनांच्या वर जाईल. पण चिखल काय म्हणेल? “मी ५५०० च घेणार.” चाके आता अधिक वेगाने गरगरतील, एवढाच फरक.

हे तुम्हांला घरी करून पाहता येईल. सायकलच्या किंवा मोटारच्या जुन्या टायरचा वीतभर तुकडा कापून घ्या. एक जांभ्याचा चिरा घ्या. कोकणात त्याची वाण नाही. तुकडा चिऱ्यावर ठेवून त्यावर एक लहानसा दगड ठेवा आणि चिऱ्याचे एक टोक हळूहळू उचला. चिरा पायावर पडणार नाही अशा बेताने, एखाद्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन. तुकडा घसरू लागेल त्या क्षणी थांबा. उचललेल्या टोकाची जमिनीपासून उंची मोजा आणि त्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून टेकलेल्या टोकापर्यंतचे आडवे अंतर मोजा. उंची भागिले अंतर म्हणजे घर्षणांक. मग चिरा ओला करून, नंतर त्यावर चिखल फासून तोच प्रयोग करा. घसरण्याचा कोन किती खाली आला ते लिहून ठेवा. जो कोन तुमच्या वहीत आला असेल, त्याहून उभ्या चढणीवर तशाच जमिनीत चारही चाकांची जीप चढू शकत नाही. घर्षणांक ०.४ असेल तर हा कोन सुमारे २२ अंश. इंजिन ७० अश्वशक्तीचे असो की ३०० चे, कोन तोच राहतो! धाव घेऊन, वेगाच्या जोरावर थोडी चढण पार करता येते हे खरे. पण तो पकडीचा विजय नव्हे, आणि वर काय आहे ते न दिसणाऱ्या चढणीवर ती युक्ती जिवावर बेतू शकते.

अडकण्याचे दुसरे कारण आणखी मजेदार आहे. वळण घेताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापते. म्हणून एक्सलच्या मध्यभागी डिफरन्शियल नावाची दातेरी चाकांची रचना असते. ती दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते, पण पीळ मात्र दोघांना सारखाच वाटते. एक चाक खळग्यावर हवेत उचलले गेले, की ते फिरवायला पीळ जवळजवळ लागतच नाही. मग दुसऱ्या, कातळावर घट्ट टेकलेल्या चाकालाही तेवढाच, म्हणजे नाममात्र पीळ मिळतो. गाडी ठप्प. अशा वेळी डिफरन्शियल अडकवून दोन्ही चाके एकत्र बांधणारी कळ असते. तिला डिफलॉक म्हणतात. मोठ्या इंजिनावर खर्च होणाऱ्या पैशाचा लहानसा हिस्सा डिफलॉकवर, बऱ्या टायरवर आणि टायरमधली हवा योग्य तितकी कमी करण्याच्या साध्या ज्ञानावर खर्च केला, तर तीच जुनी जीप कितीतरी पुढे जाईल. गोव्याच्या त्या शर्यतीतही मोठमोठ्या इंजिनांच्या गाड्या नाकावर विंच, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र, बसवून येतात. दोर झाडाला बांधून स्वतःला ओढत वर जातात. नुसत्या इंजिनाने भागत असते तर विंच कशाला हवी होती?

आणखी एक उदाहरण देतो. आपल्या देशातील अभियांत्रिकी महाविद्यालयांची ‘बाहा’ नावाची स्पर्धा २००७ पासून मध्य प्रदेशात इंदूरजवळ पीथमपूरला सुरू झाली. विद्यार्थ्यांनी एका माणसाची, रानवाटेने धावणारी गाडी स्वतः बनवायची. अनेक वर्षे तिचा नियम असा होता, की सर्व संघांना एकच इंजिन वापरावे लागे : ३०५ घनसेंटिमीटरचे, १० अश्वशक्तीचे. आपल्या गावातल्या कित्येक मोटारसायकलीही याहून ताकदवान असतात. इंजिन सर्वांचे सारखे, त्यामुळे फरक पडे तो सांगाडा, स्प्रिंगा, गिअरांचे गुणोत्तर, वजन आणि ब्रेक यांनी. शिवाय ब्रेक मारल्यावर चारही चाके जागीच थांबतात हे सिद्ध केल्याखेरीज गाडी शर्यतीच्या मार्गावर सोडत नाहीत. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो.

“पण आम्हांला चिखलासाठी नको, रस्त्यावर वेगासाठी हवे,” असे कुणी म्हणेल. ठीक आहे. तर मग त्या बदलाला काय काय लागते ते पाहू.

इंजिन आणि गिअरपेटी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या असतील, तर त्यांची बोल्टांची भोके जुळत नाहीत. मध्ये एक जाड लोखंडी पाट बसवावा लागतो. इंजिनाच्या दंडाचा अक्ष आणि गिअरपेटीच्या दंडाचा अक्ष एका सरळ रेषेत यावे लागतात. केसभर फरकही चालत नाही, नाहीतर क्लच आणि बेअरिंगे थोड्याच दिवसांत खुळखुळी होतात. डिझेल इंजिन जड असते. त्याचे वजन पुढच्या एक्सलवर येते, पुढचे पाटे दबतात, स्टिअरिंग जड होते. इंजिन थोडे मागेपुढे झाले की प्रॉपेलर शाफ्टचे कोन बदलतात आणि त्याचे क्रॉस झिजतात. रेडिएटर जुनाच ठेवला तर इंजिन तापते, कारण इंधनातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा पाण्याकडे जातो आणि ताशी ७ किलोमीटरच्या वेगाला समोरून वारा लागत नाही.

टायर घसरतो ही तर एका अर्थाने सोय आहे. घरातल्या विजेच्या फ्यूजसारखी! पीळ वाढला की आधी टायर घसरतो आणि आतले दांडे वाचतात. मोठे इंजिन, त्यावर मोठे टायर आणि त्यावर डिफलॉक अशी तिन्ही एकदम बसवली, म्हणजे फ्यूजच्या जागी जाड तार लावल्यासारखे झाले. मग कोरड्या कातळावर एक्सलमधला दांडा पिळून तुटतो, आणि तोही नेमका चढणीवर.

मालवणच्या बंदरावर गेलात तर इंजिनबदलाचा एक चांगला नमुना पाहायला मिळेल. मासेमारीच्या यांत्रिक नौकांत ट्रकच्या कुळातलीच डिझेल इंजिने सागरी रूप देऊन बसवतात; अशोक लेलँडची इंजिने या कामी प्रसिद्ध आहेत. इंजिनाची जात तीच, पण भोवतालची मांडणी पूर्ण वेगळी. रेडिएटर नाही. इंजिनातून गोडे पाणीच फिरते आणि ते थंड करायला दुसऱ्या नळ्यांतून समुद्राचे पाणी खेळवतात. खारे पाणी थेट इंजिनात सोडले तर आतून गंज चढेल आणि मिठाचे थर बसतील, हे माहीत असल्यामुळे ही दुहेरी व्यवस्था. ट्रक आणि नौका यांच्या गरजांत काय फरक आहे याचा विचार करून केलेला हा बदल आहे. (नौकेला ब्रेक नसतात, हा आणखी एक फरक. पाणीच तिला थांबवते.)

खाऱ्या हवेची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. नवे इंजिन बसवताना चासीवर जोडकाम करावे लागते. वेल्डिंगच्या आचेने आजूबाजूच्या लोखंडाची घडण बदलते, रंग जळतो आणि किनाऱ्यावरच्या दमट, खारट हवेत गंज नेमका तिथेच शिरतो. देशावर दहा वर्षे टिकणारा जोड देवबागेत किती टिकेल याची खात्री कोण देणार? आणि किनाऱ्याची वाळू हे काही गाडी चालवून पाहण्याचे मैदान नव्हे. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर समुद्री कासवे अंडी घालतात. वाळूखालच्या घरट्यावरून चाक गेले तर वर बसलेल्याला ते कळतही नाही.

आता ब्रेक. या लेखाचे नाव ज्याच्यावरून ठेवले तो मुद्दा.

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे. तिथून सावंतवाडीकडे उतरताना गाडी ढोबळमानाने ५५० मीटर खाली येते असे धरू. जड इंजिन, पाच-सहा माणसे आणि सामान मिळून गाडी १८०० किलोग्रॅमची झाली आहे. वर असताना तिच्यात जी स्थितिज ऊर्जा साठली होती, ती खाली येताना कुठेतरी गेली पाहिजे. १८०० गुणिले ९.८ गुणिले ५५० : सुमारे ९७ लाख जूल. एवढ्या ऊर्जेत ३० अंशांचे ३३ लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. म्हणजे दोन मोठे हंडे! गाडी घाट उतरते तेव्हा जणू दोन हंडे पाणी उकळवण्याइतकी आच ती कुठेतरी सोडत असते.

ती कुठे सोडते? थोडी वाऱ्यात, थोडी टायरांत, काही इंजिनात आणि उरलेली सगळी ब्रेकमध्ये. जुन्या जीपला चारही चाकांत ड्रम ब्रेक असतात. चारही ड्रमचे बिड मिळून ४० किलोग्रॅम धरा. सगळी उष्णता त्यांतच राहिली तर त्यांचे तापमान ५०० अंशांहून अधिक वाढेल. प्रत्यक्षात तेवढे होत नाही. पण निम्मी उष्णता जरी ड्रमात आली तरी अडीचशे अंश होतात. ड्रम तापून फुगतो, अस्तराची पकड सुटते, पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही. पावसाळ्यात व्हाळ ओलांडून आलेल्या गाडीची अस्तरे भिजलेली असतात. तेव्हा तर न तापताही पकड जाते. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, असे जुने ड्रायव्हर सांगतात. त्यामुळे उष्णतेचा मोठा वाटा इंजिन उचलते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. “डिझेल इंजिन घातले की घाटात गाडी चांगली धरते,” असे पुष्कळजण मानतात. पेट्रोल इंजिनात पाय काढला की हवेच्या वाटेवरची झडप मिटते आणि इंजिनाला जवळजवळ निर्वात जागेतून हवा ओढावी लागते. तो विरोध गाडीला धरतो. नेहमीच्या डिझेल इंजिनात अशी झडप मिटत नाही. ते हवा जोराने दाबते खरे, पण दाबलेली हवा स्प्रिंगसारखी उलटून बरीचशी ऊर्जा परत देते. म्हणूनच डिझेल ट्रकांना धुराची वाट अडवणारा वेगळा एक्झॉस्ट ब्रेक बसवावा लागतो. जीपमध्ये डिझेल इंजिन घालणाऱ्याने याचा विचार केलेला मी फारसा पाहिलेला नाही.

वेगाचा हिशेब तर आणखी कठोर आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ताशी ६० ने जाणारी जीप नव्या इंजिनामुळे ८५ ने जाऊ लागली, तर वेग दीडपटही झाला नाही. पण थांबवायची ऊर्जा दुप्पट झाली. ब्रेक तेच असतील तर थांबायचे अंतरही दुप्पट. वळणापलीकडे एस.टी. उभी असेल किंवा शाळेतून पोरे परतत असतील, तेव्हा या दुपटीचा अर्थ कळतो.

कायदा याबाबत काय म्हणतो? १९८८ च्या मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या आणि कारखान्याने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. निकामी झालेले इंजिन परवानगी घेऊन बदलता येते. मान्य संच वापरून गाडी गॅसवर किंवा विजेवर चालवता येते. पण जीपमध्ये भलतेच इंजिन बसवून ती रस्त्यावर आणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली.

वर केलेले हिशेब पाहता हा नियम मला मुळात योग्य वाटतो. रस्ता सर्वांचा आहे. पण नियमाला एक खिडकी असावी, असेही मला वाटते. आज होते काय, की ज्याला इंजिन बदलायचे तो बदलतोच; फक्त चोरून बदलतो. मग त्या गाडीचा ब्रेक कुणी मोजत नाही, जोड कुणी तपासत नाही, आणि चांगला मेस्त्री व वाईट मेस्त्री यांत फरक करायला काही साधन उरत नाही. ब्रिटनमध्ये एकट्यादुकट्या, हाताने बनवलेल्या गाडीची सरकारी तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देण्याची पद्धत आहे. आपल्याकडे पुण्याला १९६६ साली स्थापन झालेली ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था मोटारींच्या नव्या नमुन्यांची चाचणी घेते. हजारोंनी गाड्या काढणाऱ्या कंपनीला जशी ही सोय आहे, तशी एकच गाडी बनवणाऱ्या माणसालाही, त्याला परवडेल अशा शुल्कात, का नसावी? मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे. अशा जिल्हा पातळीवरच्या संस्थांत ब्रेकचा जोर मोजणारे रोलर यंत्र बसवले, तर प्राथमिक तपासणी तिथेच होईल आणि विद्यार्थ्यांनाही खऱ्या गाडीवर गणित करायला मिळेल.

त्या तपासणीत पहिली परीक्षा इंजिनाची नसावी. भरलेली गाडी लांब उतारावरून उतरवून ड्रमचे तापमान मोजावे, मग लगेच ब्रेक मारून थांबण्याचे अंतर मोजावे. ड्रम पाण्यात बुडवून तेच पुन्हा करावे. जोडांची तपासणी एकदा बसवल्यावर आणि पुन्हा एक पावसाळा गेल्यावर करावी. हातब्रेकही पाहावा. जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून लो गिअरच्या पेटीमागे, प्रॉपेलर शाफ्टवर काम करतो. इंजिनाबरोबर ती पेटीही बदलली तर हातब्रेकची जागाच नाहीशी होऊ शकते, आणि शाफ्टचा क्रॉस तुटला तर चढणीवर उभी केलेली गाडी धरायला चाकाखालच्या दगडाशिवाय काहीच उरत नाही.